पुण्याच्या पेठांमध्ये पहिला फूड वॉक काढताना

पुण्याच्या जुन्या पेठांमध्ये फूड वॉक, म्हणजे पाहुण्यांना पायी फिरवत जागोजागी खाऊ घालणारी फेरी, काढायची म्हटलं की बहुतेक जण आधी ठिकाणांची यादी करायला बसतात. बेडेकरांची मिसळ, अमृततुल्य चहा, बाकरवडी, मस्तानी, भेळ. यादी झटक्यात होते, कारण ही नावं सगळ्यांनाच पाठ असतात. खरी अडचण पुढे येते. मिसळ सकाळची, मस्तानी दुपार कलल्यावरची, भेळ दिवेलागणीची. हे सगळं एका फेरीत कोंबायचं तर पाहुण्यांना दिवसभर उन्हात हिंडवावं लागेल, नाहीतर सकाळी दहा वाजता आइस्क्रीम घातलेली थंडगार मस्तानी पाजावी लागेल.

म्हणून नव्याने फूड वॉक सुरू करणाऱ्याला माझं पहिलं सांगणं हेच असतं की यादी बाजूला ठेवा आणि घड्याळ हातात घ्या. पेठांमधलं खाणं वेळेवर चालतं. पहिला घाणा कधी निघतो, रस्सा कधी संपतो, दुकानदार जेवायला कधी उठतो हे ज्याला माहीत, त्याचा वॉक चांगला होतो. मग तो वॉक पैसे घेऊन काढलेला असो किंवा अमेरिकेहून आलेल्या मावशीच्या कुटुंबासाठी असो.

आधी वेळ ठरवा, रस्ता मागून ठरेल

सकाळ आणि संध्याकाळ हे दोन वेगळे वॉक आहेत. दोन्हींची सरमिसळ करू नका. पहिल्यांदा काढणार असाल तर सकाळच निवडा. आठ ते साडेअकरा हा पेठांमधला सर्वात भरलेला वेळ. रस्ते चालण्याजोगे असतात, मंडईत ताजा माल लागलेला असतो, मिसळीची कढई नुकतीच उतरलेली असते. बारानंतर ऊन चढतं, वाहतूक वाढते आणि एक ते चार या वेळेत आजही अनेक जुनी दुकानं विश्रांती घेतात. चितळे बंधूंनी २०१७ साली दुपारी दुकान उघडं ठेवायला सुरुवात केली तेव्हा त्याची बातमी झाली होती, इतकी ही सवय शहरात मुरलेली आहे. बाहेरगावच्या पाहुण्याला हे आधीच सांगून ठेवा. बंद दारासमोर उभं राहून सांगण्यात मजा नाही.

वार शक्यतो मंगळवार ते शुक्रवार यांपैकी धरा. रविवारी सकाळी प्रसिद्ध मिसळीच्या ठिकाणी रांग फुटपाथवर येते आणि आठ जणांना एकत्र जागा मिळणं जवळपास अशक्य होतं. प्रत्येक दुकानाचा साप्ताहिक सुट्टीचा वार वेगळा असतो. इंटरनेटवरच्या वेळांवर विसंबू नका, स्वतः जाऊन विचारा.

किती जण घ्यायचे

सहा उत्तम, आठ चालतील, दहाच्या वर नको. कारण साधं आहे. या उपाहारगृहांमधली टेबलं चार जणांची असतात, त्यामुळे आठ म्हणजे दोन टेबलं. बारा माणसं आली की कोणीतरी उभं राहतं, नेहमीच्या गिऱ्हाइकाची जागा अडते, आणि वेटर तुम्हाला पुढच्या वेळी ओळख देत नाही. शिवाय बोळात उभं राहून गोष्ट सांगताना आठ जणांपर्यंतच साध्या आवाजात ऐकू जातं. ध्वनिक्षेपक घेऊन वाड्यांच्या बोळात शिरणं मला अजिबात पटत नाही. तिथे लोक राहतात. कुणाची रात्रपाळी झालेली असते, कुणाचं बाळ झोपलेलं असतं.

पोटाचा हिशोब

नव्या माणसाला सर्वात कठीण जाते ती ही गोष्ट. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करायची रीत आहे. फूड वॉकमध्ये आग्रह केला तर तिसऱ्या थांब्यावर लोक हात जोडतात. साडेतीन तासांत साधारण माणूस खाण्याचे पाच-सहा थांबे आनंदाने घेऊ शकतो, पण तेही प्रत्येक ठिकाणी थोडंथोडं खाल्लं तर.

आठ जणांसाठी अंदाज असा धरा. मिसळीच्या चार प्लेट, म्हणजे दोघांत एक, आणि वर जास्तीचे स्लाइस. पुण्याच्या जुन्या मिसळीबरोबर पावापेक्षा स्लाइस ब्रेड जास्त दिसतो, हे मुंबई-नाशिकच्या पाहुण्याला आवर्जून सांगा. रस्सा कमी पडला तर ‘सॅम्पल’ मागवायचं. हा शब्द पाहुण्याला शिकवला की तो पुढच्या वेळी एकटाही आत्मविश्वासाने जातो. चहा प्रत्येकाला एक, कारण अमृततुल्यचा कप लहानच असतो. थालीपीठ किंवा साबुदाणा वडा चौघांत एक प्लेट. पियूष अर्धा ग्लास. जिलबी, पेढा वगैरे चवीपुरतं.

क्रमही महत्त्वाचा. तिखट आधी, त्यावर चहा, मग बराच वेळ चालणं आणि पाहणं, नंतर तळलेलं किंवा भाजलेलं काहीतरी, शेवटी थंड आणि गोड. दोन तळलेल्या गोष्टी पाठोपाठ ठेवू नका. दोन थांब्यांमध्ये निदान पंधरा-वीस मिनिटं पाय चालले पाहिजेत. पेठा लहान आहेत, अंतरं जवळची आहेत, त्यामुळे नवखा माणूस दर पाच मिनिटांनी काहीतरी खायला घालतो. तिथेच त्याचा वॉक बिघडतो.

दुकानदाराशी बोलणं

ज्या ठिकाणी लोकांना नेणार, तिथल्या मालकाला आधी भेटा. गर्दीच्या वेळी गल्ल्यावर जाऊन नव्हे. सकाळची लाट ओसरल्यावर, साधारण अकरा-साडेअकराला जा, काहीतरी खा, पैसे द्या आणि मग विषय काढा. सांगा की मी इतक्या जणांना अमुक वारी अमुक वेळेला आणणार आहे, चालेल का? कोणत्या वेळी आलो तर तुम्हाला त्रास होणार नाही? टेबल राखून ठेवता येणार नसेल तर तसं स्पष्ट सांगा. बिल एकत्र देऊ का? रोख हवं की मोबाइलवरून चालेल? भटारखान्यात डोकावलेलं चालतं का? फोटो?

कमिशन मागू नका, फुकट प्लेटही मागू नका. मी यावर ठाम आहे. दुकानदाराकडून पैसे घेतले की थांबा निवडताना तुमची जीभ प्रामाणिक राहत नाही, आणि चव उतरली तरी तुम्ही त्याच दारात जात राहता. ज्या माणसाने पहाटे चारला उठून कांदा चिरलाय, त्याला पूर्ण दाम द्यायचे आणि वेळेवर द्यायचे.

भिंतीवरच्या पाट्या वाचा आणि पाळा. ‘जास्त वेळ बसू नये’ असं लिहिलं असेल तर ते तुमच्या गटालाही लागू आहे. गोष्टी बाहेर सांगा, आत खा आणि उठा.

सकाळचा एक रस्ता

आता प्रत्यक्ष चालू. हा रस्ता मला आवडतो, कारण त्यात खाण्याबरोबर खाण्यामागचं शहर दिसतं: पाणी, भांडी, बाजार. २०२४ च्या सप्टेंबरात मेट्रोचा भुयारी टप्पा सुरू झाल्यापासून तो सोयीचाही झाला आहे. कसबा पेठ स्थानकाशी उतरायचं आणि मंडई स्थानकातून परत जायचं. गाडी लावायची कटकट वाचते.

सुरुवात शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासमोर. पायाभरणी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची, १८२८ च्या आगीत आतला लाकडी महाल गेला. एवढं पुरे. तिकीट काढून आत जाऊ नका, वेळ तिथेच संपतो, आणि हे केंद्राचं संरक्षित स्मारक असल्यामुळे पैसे घेऊन आत माहिती सांगायला परवानाधारक मार्गदर्शक लागतो. बाहेरच्या पटांगणाकडे मात्र बोट दाखवा. एकोणिसाव्या शतकात पुण्याचा भाजीबाजार इथेच उघड्यावर भरत असे. आपल्या वॉकच्या शेवटी तो बाजार पुढे कुठे गेला ते पाहायचं आहे.

तिथून कसबा गणपती पाच-सात मिनिटांवर. पुण्याचं ग्रामदैवत आणि विसर्जन मिरवणुकीतला मानाचा पहिला गणपती. पाहुणे दर्शन घेतील तोपर्यंत तुम्ही सर्वांना पाणी प्यायची आठवण करा.

पुढे तांबट आळी. फूड वॉकमध्ये भांड्यांच्या आळीत कशाला, असं काहींना वाटेल. माझ्या मते या आळीशिवाय वॉक अपुरा आहे. पेशवाईत कोकणातून आलेल्या तांबट कारागिरांची ही वस्ती. तांब्याच्या पत्र्यावर हातोडीने ठोके पाडून घंगाळ, बंब, हंडे इथे घडले. आजही काही कारखान्यांमधून ठोक्यांचा आवाज येतो. इथे उभं राहून कल्हईबद्दल सांगा. ताक, आमटी, चिंचेचं सार असं आंबट काही बिनकल्हईच्या पितळी भांड्यात राहिलं तर ते कळकतं, म्हणजे धातूची चव उतरते आणि खाणं अपायकारक होतं. म्हणून आतून कथिलाचा मुलामा द्यायचा. तरुण पाहुण्यांनी कल्हईवाला पाहिलेला नसतो. हे ऐकल्यावर पुढे अमृततुल्यमधलं पितळी पातेलं ते वेगळ्या नजरेने बघतात. कारागीर कामात असतात, त्यांच्या अंगणात शिरून गर्दी करू नका. फोटोआधी विचारा. कोणी काही विकत घेतलं तर फारच चांगलं.

इथून दक्षिणेकडे फडके हौद चौक. चौकाच्या नावातला हौद हा शहराच्या जुन्या पाणीव्यवस्थेचा भाग. अठराव्या शतकाच्या मध्यावर, नानासाहेब पेशव्यांच्या काळात, कात्रजच्या तलावातून जमिनीखालच्या नळांनी पाणी शहरात आणलं आणि ठिकठिकाणी हौद बांधले. याच चौकात वैद्य उपाहारगृह आहे, शंभर वर्षांहून जुनं. इथली मिसळ लाल तर्रीची नाही. रस्सा आलं-मिरचीच्या अंगाचा, हिरवटपणाकडे झुकणारा आहे. कोल्हापुरी कटाची सवय असलेला पाहुणा पहिल्या घासाला गप्प होतो. त्याला सांगा की मिसळ दर शहरात वेगळी असते आणि पुण्यातही दर पेठेत वेगळी असते. नारायण पेठेत मुंजाबाच्या बोळातल्या बेडेकरांची मिसळ गोडसर, तुळशीबागेतल्या श्रीकृष्ण भुवनची आणखी निराळी. एका वॉकमध्ये एकच मिसळ खायला घाला आणि बाकीच्यांची नावं देऊन ठेवा.

मिसळीनंतर सोन्या मारुती चौकाकडे. आद्य अमृततुल्य हे दुकान १९२४ चं. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात ही चहाची दुकानं चालवली आणि वाढवली. दूध, पाणी, साखर, चहा, वेलदोडा, सुंठ एकत्र उकळत असतात, मधूनमधून ओगराळ्याने वर-खाली केलं जातं आणि फडक्यातून गाळून चहा कपात पडतो. इथे बसायला जागा कमी, त्यामुळे दोन-दोन जण आत पाठवा. आता जागोजागी ‘अमृततुल्य’ अशी पाटी दिसते. जुन्या दुकानांची खूण म्हणजे समोर उकळणारं पितळी पातेलं आणि बाहेर उभा राहून रोज त्याच वेळी चहा घेणारा माणूस.

चहा घेऊन मंडईकडे निघालात की वाटेत दगडूशेठ गणपती लागतो. पुण्याबाहेरच्या पुष्कळांना हे माहीत नसतं की दगडूशेठ हलवाई हे खरोखरचे मिठाईवाले होते. देशभरातून लोक ज्या गणपतीच्या दर्शनाला येतात, त्याच्या नावात एका हलवायाचा व्यवसाय आहे. फूड वॉकसाठी याहून चांगला थांबा कोणता असणार? रांगेत मात्र शिरू नका, बाहेरून दर्शन होतं.

आणि मग महात्मा फुले मंडई. दगडी, अष्टकोनी, मध्ये उंच मनोरा. १८८६ साली सुरू झाली तेव्हा मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरच्या नावाने तिला रे मार्केट म्हणत. शनिवारवाड्यासमोरचा भाजीबाजार इथे आला. निदान पाऊण तास इथे द्या. इथे खायचं नाही, हाताळायचं आणि हुंगायचं. मी मंडईशिवायचा फूड वॉक काढत नाही, कारण ताटात काय पडतं ते इथे ऋतूप्रमाणे दिसतं. थंडीत पावटा, ओला हरभरा, सोलाणे, हुरड्याची कणसं. उन्हाळ्यात हापूस आणि पायरी, कैरी, फणस. पावसाळ्यात कर्टोली, टाकळा आणि इतर रानभाज्या. ऋषिपंचमीच्या सुमारास अळू, भोपळा, दोडका, मक्याची कणसं अशा ऋषीच्या भाजीच्या जिनसा एकत्र लागतात. सासवडकडची सीताफळं पावसाळ्याच्या शेवटाला, पुरंदरची अंजिरं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत. वॉकच्या आदल्या दिवशी मंडईत चक्कर मारून दोन-तीन गाळ्यांवर काय नवीन आलंय ते पाहून ठेवा. भाजीवाल्या मावशींकडून थोडी खरेदी करा आणि मग त्यांनाच विचारा की ही भाजी कशी करायची. त्या सांगतील ते तुमच्या कोणत्याही माहितीपेक्षा पाहुण्यांना जास्त लक्षात राहील.

मंडईतून तुळशीबागेत. आठ माणसं इथे हमखास हरवतात, कारण भातुकलीची पितळी भांडी दिसली की पाय थांबतात. वीस मिनिटं मोकळी द्या आणि भेटायची जागा म्हणून राममंदिराचं दार सांगा. जवळच जिलब्या मारुती आहे. शेजारचा मिठाईवाला त्याला जिलब्यांची माळ घालायचा म्हणून हे नाव पडलं, असं सांगतात. सदाशिव पेठेत उपाशी विठोबा आहे. एकाच शहरात जिलब्या खाणारा मारुती आणि उपाशी विठोबा! ही जोडी सांगितली की पाहुणे पुढच्या थांब्यासाठी तयार होतात.

शेवट लक्ष्मी रस्त्यावर. पूना गेस्ट हाउस मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ साली सुरू केलं. इथे थालीपीठ, साबुदाणा वडा किंवा जमलं तर अळूची वडी. नाहीतर एखाद्या दुग्धालयात पियूष आणि खरवस. खरवस म्हणजे काय हे परप्रांतीय पाहुण्याला सांगावं लागतं: नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाचा तो करतात आणि दरवेळी मिळेलच असं नाही. वॉकच्या जाहिरातीत खरवस लिहू नका. मिळाला तर पाहुण्यांना तो अवचित आनंद होऊ द्या.

काय सांगायचं आणि काय सांगायचं नाही

प्रत्येक थांब्यावर दोन-तीन मिनिटांची एक गोष्ट पुरे, तीही पदार्थ यायच्या आधी. समोर गरम प्लेट असताना इतिहास कोणी ऐकत नाही, ऐकूही नये.

गोष्ट खरी असू द्या. पेठांमध्ये चालताना प्रत्येक पदार्थ पेशव्यांच्या ताटात नेऊन ठेवायचा मोह होतो. बाजीराव मस्तानी पीत होते, मिसळ मावळ्यांची शिदोरी होती, असं काहीबाही लोक ठोकून देतात. मस्तानी हे आइस्क्रीमचा गोळा घातलेलं दाट दुधाचं पेय विसाव्या शतकातलं आहे. चहाची दुकानंही त्याच शतकात फोफावली. पेठा जुन्या आहेत म्हणून त्यांतलं सगळं खाणं जुनं ठरत नाही, आणि ते नवं असण्यात काहीच कमीपणा नाही.

उलट खरी गोष्ट जास्त चकित करते. उपासाची साबुदाणा खिचडी घ्या. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, तिन्ही अमेरिकेतून आले, बहुतांशी पोर्तुगीजांच्या जहाजांमुळे. तूप, जिरं आणि मीठ सोडलं तर आपल्या एकादशीच्या या खिचडीतलं जवळपास सगळं समुद्रापलीकडून आलंय. मी हे सांगते तेव्हा मराठी पाहुणेच जास्त हरखतात, कारण हा पदार्थ त्यांनी आजीच्या हातचा खाल्लेला असतो.

जात, सोवळं-ओवळं, पंगतीतले भेद हे विषयही पुण्याच्या खाण्यापासून वेगळे करता येत नाहीत. कोणी विचारलं तर टाळू नका. पेठांमधलं खाणं म्हणजे फक्त सदाशिव-नारायणचं शाकाहारी खाणं, असंही भासवू नका. पेरूगेटाजवळ मराठा खानावळ आहे, गणेश पेठेत मासळी बाजार आहे, रमजानमध्ये मोमीनपुऱ्याची रात्र जागी असते. तुमचा एक वॉक शहराचा एक कोपरा दाखवतो, हे सुरुवातीलाच सांगा.

पाहुण्यांना आधी विचारायच्या गोष्टी

नोंदणी करतानाच विचारा, चौकात उभं राहून नको. सर्वात आधी शेंगदाणा. मराठी स्वयंपाकात दाण्याचं कूट कुठे नसतं? खिचडीत, चटणीत, कोशिंबिरीत, फरसाणात असतं आणि तळणीचं तेलही शेंगदाण्याचं असू शकतं. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसाला हा वॉक घेऊ नका असं स्पष्ट सांगणंच योग्य. या भटारखान्यांमध्ये कढई वेगळी ठेवणं शक्य नसतं. गहू चालत नसेल तर बाजारच्या हिंगाकडे लक्ष द्या, त्यात बहुधा पीठ मिसळलेलं असतं, आणि थालीपिठाच्या भाजणीतही गहू असतो. दूध-तूप न खाणाऱ्यांना चहा आणि पियूष चालणार नाही, त्याऐवजी उसाचा रस किंवा कोकम सरबत ठरवून ठेवा. जैन पाहुणे असतील तर मिसळ आणि बटाटावडा दोन्ही बाद. त्यांच्यासाठी मिठाई, फळं, जिलबी. त्या दिवशी कोणाचा उपास आहे का हेही विचारा. एकादशी, चतुर्थीला हा प्रश्न हमखास येतो, आणि त्या दिवशी उपासाचे पदार्थ मिळतातही भरपूर.

मधुमेह, गुडघे, लहान मुलं, गरोदरपण, सगळं विचारा. परदेशातून आलेल्यांना साधं पाणी, कच्ची चटणी, कापलेली फळं देऊ नका. गरम आणि समोर शिजलेलंच द्या. बाटलीबंद पाणी तुम्ही बाळगा.

स्वच्छतागृह हा नाजूक पण फार महत्त्वाचा मुद्दा आहे, विशेषतः बायकांसाठी. साडेतीन तासांच्या वॉकमध्ये निदान दोन ठिकाणी चांगली सोय हवी. मेट्रो स्थानकं यासाठी उपयोगी पडतात. वाटेवरची प्रत्येक जागा आधी स्वतः आत जाऊन पाहा.

पैसे

शुल्क ठरवताना जेवढे जण कमीत कमी येतील तेवढ्यांवर खर्च वाटा, जास्तीत जास्त जणांवर नको. समजा आठांची जागा ठेवलीत आणि चारच आले, तरी तुमचा दिवस तोट्यात जाता कामा नये. खर्चात तुमचं आणि मदतनिसाचं खाणं, पाणी, वॉकच्या रंगीत तालमीचा खर्च, सुट्टे पैसे, एखाद्या दुकानात काही विकत घ्यायची रक्कम, सगळं धरा. खाणं शुल्कात आहे की नाही ते ठळक सांगा. मी ते शुल्कातच ठेवायला सांगेन. दर थांब्यावर आठ जण आठ फोन काढून पैसे देऊ लागले की गल्ल्यावर खोळंबा होतो. रोख जवळ असू द्या. पावसामुळे वॉक रद्द झाला तर पैसे परत की पुढची तारीख, हे लेखी कळवा.

रंगीत तालीम

जाहीर करण्याआधी घरच्यांना घेऊन एकदा पूर्ण चाला, ठरलेल्या वाराला आणि ठरलेल्या वेळेला. त्यांत एक ज्येष्ठ माणूस असलाच पाहिजे. तुम्हाला सात मिनिटं लागतात ते अंतर त्यांना बारा लागतात, आणि वेळापत्रक त्या बारांवर बसवायचं असतं. मिसळ मागितल्यापासून टेबलावर यायला किती वेळ, चहाला किती, कुठला रस्ता ओलांडताना अडकायला झालं, सगळं लिहून काढा. प्रत्येक खाण्याच्या थांब्याला जवळचा एक पर्याय ठरवा. दुकान अचानक बंद असलं तर चेहरा न पाडता वळता आलं पाहिजे.

टाळायचे दिवस

गणेशोत्सवाचे दहा दिवस या रस्त्यांवर गट घेऊन चालणं जमत नाही. रस्ते बंद होतात, विसर्जनाच्या दिवशी तर लक्ष्मी रस्ता मिरवणुकीचा असतो. आषाढीच्या आधी पालख्या पुण्यात मुक्कामाला असतात, तेव्हा नाना पेठ आणि भवानी पेठेकडे वॉक वळवू नका. दिवाळीच्या आधीचे दोन रविवार तुळशीबाग विसरा. मे महिन्यात सुरुवात सातला आणि शेवट दहाच्या आत.

संध्याकाळचा वॉक

सकाळचा बसला की मगच हा घ्या. पाचला मंडई स्थानकाशी जमायचं, तुळशीबाग, शनिपार, बाजीराव रस्त्याला भेळ, तिथून सदाशिव पेठेत निंबाळकर तालमीच्या चौकात सुजाता मस्तानी. आंब्याच्या दिवसांत आंबा मस्तानी, एरवी सीताफळाची मिळाली तर ती. मस्तानी दोघांत एक. भेळ आणि मस्तानीमध्ये चालणं हवंच, म्हणून मध्ये विश्रामबागवाडा बाहेरून दाखवा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेल्या या वाड्याचा नक्षीदार लाकडी दर्शनी भाग संध्याकाळच्या उजेडात छान दिसतो. ज्यांना जेवायचंच आहे त्यांना पेरूगेटाशी सोडा. तिथे पूना बोर्डिंग हाउसची साधी थाळी आहे आणि सामिष खाणाऱ्यांसाठी खानावळही. वाहतूक सकाळच्या दुप्पट असते, त्यामुळे सहापेक्षा जास्त जण घेऊ नका आणि रस्ता ओलांडताना शेवटी चालायला एक मदतनीस ठेवा.

वॉक संपल्यावर त्याच दिवशी पाहुण्यांना थांब्यांची नावं, वेळा आणि सुट्टीचे वार पाठवा. अनेक जण पुढच्या आठवड्यात आईवडिलांना घेऊन परत जातात. आणि तुम्हीही दोन-चार दिवसांनी गटाशिवाय, नेहमीच्या गिऱ्हाइकासारखे त्या दुकानांत जा. कोणाला आमची गर्दी जड झाली का, कुणी काही उलट बोललं का, पुढच्या वेळी कुठली वेळ बरी, हे मालकापेक्षा वाढणारा पोऱ्या जास्त खरं सांगतो. त्याला विचारा आणि पुढच्या वॉकची वेळ त्याप्रमाणे बदला.